जालन्याचा हापसा : एका विस्मृत पंपाचा इतिहास

१/ मराठवाड्यातील गावोगावी, शाळेच्या आवारात किंवा पाराजवळ, लांब लोखंडी दांड्याचा हापसा उभा असतो. सरकारी कागदपत्रांत त्याचे नाव ‘इंडिया मार्क टू’. आफ्रिकेतील अनेक देशांतही तो पोहोचला. त्याच्या वंशवृक्षात मात्र एक नाव जालन्याचे आहे, आणि ते खुद्द जालन्यातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

२/ पार्श्वभूमी भूगर्भाची आहे. जालना परिसर दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेला. या खडकात पाणी मुरते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. हाताने खोदलेल्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठत. खोलवरचे पाणी हवे तर कातळ फोडणे भाग होते, आणि ते पहार-सुरुंगाने साधणारे काम नव्हते.

३/ १९६० च्या दशकात दाबाखालील हवेवर चालणारी विंधनयंत्रे परदेशी मदतीतून भारतात येऊ लागली. १९६७ च्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे विमानाने आणली. महाराष्ट्रात हे काम प्रथम अंगावर घेणाऱ्यांत स्वयंसेवी व मिशनरी संस्था होत्या. जालन्यात स्कॉटिश मिशन रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या काळापासून, म्हणजे १८६० च्या दशकापासून कार्यरत होते. शिक्षण आणि आरोग्याच्या जोडीला आता पाण्याचे काम आले.

४/ बोअर घेता आली, पाणीही लागले. अडचण पुढे होती. बोअरवर बसवले जाणारे पंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतील शेतघरांत एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा वापरावेत अशा पंपांच्या त्या नकला. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव रांगेत उभे. सांधे झिजत, दांडे मोडत, आणि कातळातील पाणी कातळातच राहत असे.

५/ १९७२ च्या दुष्काळाने या प्रश्नाची धार वाढवली. १९७४ च्या सुमारास युनिसेफने काही राज्यांत पाहणी केली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश हातपंप बंद आढळले. बोअर किती झाल्या, यावर यश मोजणाऱ्या योजनांना हा मोठा धक्का होता.

६/ उत्तराचा शोध मात्र त्याआधीच सुरू झाला होता. जालन्याच्या मिशनमध्ये घडलेला ‘जालना पंप’, जालना आणि वडाळा या नावांच्या संयोगातून आलेला ‘जलवड’, आणि ‘शोलापूर वेल सर्व्हिस’चा ‘सोलापूर पंप’ ही त्याची भावंडे. बिडाच्या जागी पोलाद आले, अनेक सांध्यांच्या जागी एकच मजबूत कणा आला. दांडा आणि सळई यांना साखळीने जोडण्याची युक्ती या परंपरेत रुजली. साखळीमुळे सळई सरळ रेषेत वर-खाली होते आणि झीज घटते.

७/ युनिसेफ आणि भारत सरकार यांनी सोलापूर पंप आधाराला घेऊन नवा आराखडा तयार करवला. मद्रासच्या ‘रिचर्डसन अँड क्रुडास’ या सरकारी कारखान्यात नमुने बनले, कोइम्बतूर परिसरात ते वापरून पाहिले गेले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. आराखड्यावर कोणाचीही मक्तेदारी ठेवली नाही. म्हणूनच तो इतका दूर पसरला. मात्र नव्या नावात ना जालना उरले, ना सोलापूर.

८/ या हापशाचे आरोग्यावरील ऋण मोठे आहे. पायविहिरीत उतरून पाणी भरताना नारूचा रोग पसरे. पाण्यात न उतरता पाणी मिळू लागल्याने त्या संसर्गाची साखळी तुटण्यास मोठा हातभार लागला. १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

९/ तरीही यंत्राने सारे प्रश्न सुटत नाहीत. हापसा कोणत्या वस्तीत बसवायचा, हा निर्णय गावातील जातिव्यवस्थेतूनच जात असे. याच दुष्काळाच्या काळात बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभारली, ती याच वास्तवामुळे. कातळ फोडणारे यंत्र परदेशातून आणता आले; पाणवठ्यावरची भिंत फोडण्याचे काम गावालाच करावे लागणार होते.

१०/ १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे शेतीसाठी शेकडो फूट खोल बोअर घेतल्या गेल्या, भूजल खाली गेले आणि हापशांना पाणी पुरेना. आज अनेक गावांत ते गंजून उभे आहेत. जालना पंपाने एके काळी शिकवलेला धडा मात्र गंजलेला नाही. बाहेरून आलेली मदत बोअर घेऊन निघून जाते. पाणी टिकते ते स्थानिक कार्यशाळेत, दुरुस्ती जाणणाऱ्या हातांत आणि जमिनीतले पाणी जपून वापरणाऱ्या गावात.