मातीची चित्रे आणि त्यांची संहिता

पुस्तकातील पात्र पानावरून उतरून मुलाच्या हाती आले की त्याचे काय होते, हा प्रश्न बालसाहित्याच्या समीक्षेत सहसा खेळण्यांच्या व्यापाराकडे ढकलला जातो. वस्तुतः तो संहिता आणि तिच्यावरील स्वामित्व यांच्या संबंधाचा प्रश्न आहे. चित्रपुस्तकावरून घडलेल्या संग्राह्य मूर्तींचा इंग्लंडमधील इतिहास आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगावसारख्या गावांत दिवाळीच्या किल्ल्यावर मांडल्या जाणाऱ्या मावळ्यांची परंपरा शेजारी ठेवली, तर या संबंधाची दोन भिन्न रूपे स्पष्ट होतात.

बीट्रिक्स पॉटर यांनी पीटर नावाच्या सशाची गोष्ट डिसेंबर १९०१ मध्ये खाजगीरीत्या छापली. त्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या २५० होत्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ती रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केली. १९०३ मध्ये लेखिकेने स्वतः सशाची बाहुली तयार करून तिची लंडनमध्ये नोंदणी केली. अमेरिकेत मात्र पुस्तकाच्या हक्काची नोंद राहून गेली आणि तेथे अनधिकृत आवृत्त्या निघाल्या. पॉटर यांच्या निधनानंतर (१९४३) लाँगटन येथील बेझविक यांच्या कारखान्याने १९४८ पासून त्यांच्या पात्रांच्या चिनीमातीच्या मूर्ती बाजारात आणल्या. पहिली होती जेमिमा ही बदकीण. बेझविकच्या नावाने हे उत्पादन २००२ पर्यंत चालले. या मूर्तींचा संग्राहक मूर्ती आधी उलटी करून तळाचा शिक्का पाहतो. सोनेरी शिक्का जुन्या काळचा, तपकिरी नंतरचा. जेमिमाची शाल आणि टोपी पुस्तकातील चित्राबरहुकूम हवी. फरक पडला तर तो दोष ठरतो. अशी मूर्ती म्हणजे पुस्तकातून काढलेले अवतरणच होय. अवतरणाला मूळ संहितेशी प्रामाणिक राहावे लागते आणि मूळ संहितेला धनी असतो.

कोरेगाव परिसरात अशा एका पुस्तकाचा शोध घेतला तर तो सफल होत नाही. चित्रपुस्तकांची परंपराच या भागात नव्हती, असे मात्र नाही. शेजारच्या खटाव तालुक्यातील औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. परंतु मुलांच्या हाती आल्या त्या मूर्ती या ग्रंथातून निघालेल्या नाहीत. त्या कुंभाराच्या साच्यातून निघाल्या. सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, ढालतलवार घेतलेला मावळा, तुतारीवाला, तोफ, गवळण, बैलजोडीसह शेतकरी, गुहेतला वाघ असा हा मेळा आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या बोलण्यात या मूर्तींना 'चित्रे' म्हणतात, ही बाब समीक्षेच्या दृष्टीने मोलाची आहे. कागदावरील आकृती आणि मातीची आकृती यांना भाषेने एकच नाव दिले. एक मूळ आणि दुसरी नक्कल, असा भेद तिने केला नाही.

या चित्रांमागे संहिता नाही असे नाही. त्या अनेक आहेत आणि एकीचाही अधिकार निर्णायक नाही. पोवाडे आहेत, बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'तील दीनानाथ दलालांची रेखाटने आहेत, भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' (१९५२) हा चित्रपट आहे. १९७० पासून चौथीच्या वर्गात आलेले 'शिवछत्रपती' हे सचित्र पाठ्यपुस्तक तर पिढ्यांनी वाचले. त्यात भर म्हणजे कोरेगाव तालुक्यातील मुलाला प्रत्यक्ष किल्ला परका नाही. नांदगिरीचा कल्याणगड तालुक्यातच आहे आणि साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वर्धनगड लागतो.

किल्ल्याची रचना पाहता तिचे स्वतःचे व्याकरण ध्यानात येते. दगडमातीचा डोंगर, त्यावर गोणपाट, चिखलाचा लेप, पेरलेले आळीव. मग चित्रांची मांडणी. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि महाराज सर्वांहून मोठे असतात. येथे आकारमान अंतरावरून ठरत नसून महत्त्वावरून ठरते. पायथ्याच्या रस्त्यावर वाहतूक पोलीस उभा असतो, कधी विमानही उतरते. हा कालविपर्यास अज्ञानातून आलेला नाही. सतराव्या शतकातील गड आणि मुलाचे स्वतःचे गाव यांना एका कथनात बसविण्याचा तो प्रयत्न आहे. तुळशीच्या लग्नानंतर चित्रे कागदात गुंडाळून माळ्यावर जातात, पुढच्या वर्षी त्यांत दोनचार नव्यांची भर पडते. हाही संग्रहच आहे. फक्त त्याच्या तळाशी शिक्का नाही.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या लेखसंग्रहात फ्रेंच खेळण्यांवर आक्षेप घेतला होता. प्रौढांच्या जगाच्या लहान प्रतिकृती हाती देऊन ही खेळणी मुलाला निर्माता होऊ देत नाहीत, केवळ वापरणारा आणि मालक बनवतात, असे त्यांचे म्हणणे होते. मावळाही प्रौढांच्या इतिहासाची प्रतिकृतीच आहे. तरीही हा आक्षेप त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. मावळा सुटा असतो. सुटे चित्र शब्दासारखे असते आणि वाक्य मुलाला करावे लागते.

तथापि या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. कुंभाराच्या मेळ्यातील स्त्री बहुधा गवळण किंवा पाणी भरणारी असते. जिजाबाई क्वचित दिसतात. कोणते शब्द उपलब्ध आहेत, यावर कोणती वाक्ये रचता येतील हे ठरते. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. भाजलेल्या मातीच्या जागी प्लास्टर आले, त्याबरोबर अफजलखानाचा वध किंवा राज्याभिषेक असे अखंड प्रसंग एका साच्यात मिळू लागले. पुढे तयार किल्लेही विक्रीस आले. अखंड प्रसंगात मूर्तींचे परस्परसंबंध आधीच पक्के झालेले असतात. तेथे मुलाला वाक्य रचायचे नसून तयार वाक्य विकत घ्यायचे असते. धनी नसलेली संहिताही अशा रीतीने बंदिस्त होऊ शकते. बेझविकच्या जेमिमाला निदान तिचे पुस्तक विचारता येते. या प्रसंगांना कोणी काय विचारावे?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सातारा जिल्ह्यातील प्रतापगड त्यांत आहे. कल्याणगड आणि वर्धनगड नाहीत. अंगणातल्या मातीच्या किल्ल्याला तर बहुधा नावही नसते. परंतु शिवकाळाचे जे कथन मूल ऐकते, वाचते आणि पाहते, ते त्याला स्वतःच्या हातांनी पुन्हा रचून पाहता येते ते याच ठिकाणी. म्हणून बालसाहित्याच्या इतिहासलेखनाने पुस्तकांच्या सूचीबरोबर कुंभाराच्या साच्यांचीही नोंद घेणे आवश्यक ठरते. कोणती चित्रे सुटी मिळत होती आणि कोणती जोडलेली, हे त्या नोंदीत प्रथम यावे.