बायकांचा छापखाना

मैत्रिणींनो, ‘बायको काय करते?’ असं विचारलं की ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर आपण कितीदा ऐकतो! लंडनच्या बायकाही हेच ऐकत होत्या. १९७४ साली तिथं काही जणींनी ‘सी रेड विमेन्स वर्कशॉप’ हा गट काढला. त्यांचं एक पोस्टर होतं, ‘माझी बायको काम करत नाही’. नवऱ्यांचंच वाक्य त्यांनी भिंतीवर लावलं!

छपाई होती स्क्रीन प्रिंटिंगची. लाकडी चौकटीवर बारीक विणीचं कापड ताणायचं. जिथं रंग नको, तिथली छिद्रं बुजवायची. खाली कागद ठेवायचा, वरच्या कडेला दाट रंग ओतायचा आणि रबरी पट्टीनं एका दमात ओढायचा. मोकळ्या छिद्रांतून रंग कागदावर उतरतो. या पद्धतीचं पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली घेतलं. पण रेशमी धाग्यांनी जोडलेले कोरीव कागद ठेवून कापड रंगवणारे जपानी कारागीर त्याच्याही आधीचे.

मोठं यंत्र लागत नाही, म्हणूनच ही कला बायकांच्या हाती आली. कल्पनेवर सगळ्या मिळून बोलत, एक-दोघी चित्र काढत, ते पुन्हा सगळ्यांसमोर येई. पोस्टरवर कुणा एकीचं नाव नसे. जागेची नासधूस झाली, तरी १९९० पर्यंत काम चाललं.

आपलं राबणं कुणी मोजत नसेल, तर ते आधी आपणच मांडायला हवं, असं आम्हाला वाटतं. आपल्या गटाच्या पोस्टरवर कोणतं वाक्य असेल, यावर पुढच्या बैठकीत जरूर बोला.