हातांची भाषा आणि परदेशीं धर्मसेवा

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोदवड हें लहानसें स्थानक लागतें. तेथें गाडीची वाट पाहत असतां आम्हीं एकदां एक देखावा पाहिला. रुळांच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दोन मुलगे, दोघेही पंधरा-सोळा वर्षांचे, हातांनीं बोलत उभे होते. तेवढ्यांत त्यांच्या मागून एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली. आमचें आपसांतलें बोलणें तिच्या आवाजांत बुडालें. त्या दोघांचें क्षणभरही खुंटलें नाहीं. शेजारचे एक गृहस्थ हळहळून म्हणाले, “बिचारे मुके आहेत.” आमच्या मनांत आलें कीं, या घटकेस मुके आम्हीच आहों!

हा प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु त्यानें एका मोठ्या प्रश्नाकडे आमचें लक्ष वेधलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वऱ्हाड व पूर्व खानदेश हें अमेरिकेच्या ख्रिस्ती अलायन्स मिशनचें कार्यक्षेत्र होतें. अकोल्यास राहिलेल्या जेनी फुलर यांनीं येथील स्त्रियांच्या हालांवर १९०० सालीं इंग्रजींत एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. हे परके लोक या मुलखांत आले म्हणजे आधीं पंडितापाशीं बसून मराठी शिकत. ज्यांस उपदेश करावयाचा त्यांची भाषा आली पाहिजे, याविषयीं त्यांच्या मनांत शंका नसे. मग ज्याच्या कानांत कोणतीच भाषा शिरत नाहीं अशा मुलाशीं कोणी कोणत्या भाषेंत बोलावें? आज युरोप-अमेरिकेंतून तरुणांच्या टोळ्या दोन-चार आठवड्यांच्या धर्मसेवेसाठीं परदेशीं जातात. त्यांपैकीं कांहीं बहिऱ्या मुलांकडे जातात, आणि कांहीं टोळ्यांत स्वयंसेवकच बहिरे असतात. ही सेवा केव्हां फलद्रूप होते व केव्हां वायां जाते, हें ठरविण्यास मागील इतिहास चाळणें आवश्यक आहे.

या इतिहासाचा आरंभ एका धर्मोपदेशकापासूनच होतो. १७६० च्या सुमारास पॅरिस शहरांत आबे द लेपे या पाद्र्यास दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. धर्मज्ञानावांचून या मुलींच्या आत्म्याचें काय होईल, या चिंतेनें तो त्यांस शिकवूं लागला. त्याचा हेतु धार्मिक होता. परंतु त्यानें एक गोष्ट अशी केली कीं जिचें मोल त्याच्या हेतूहूनही अधिक ठरलें. बहिऱ्यांच्या हातवाऱ्यांकडे त्यानें तुच्छतेनें न पाहतां शिष्यवृत्तीनें पाहिलें. त्यांवर फ्रेंच व्याकरणाचें जोखड ठेवण्याची चूक त्याच्या हातून झाली हें खरें. तरी त्याच्या शाळेंतून बहिरे शिक्षक निर्माण झाले. त्यांच्यांतीलच लॉरां क्लेर्क हा १८१६ सालीं गॅलोडेट या अमेरिकन धर्मोपदेशकाबरोबर समुद्रापार निघाला. बावन्न दिवसांच्या त्या प्रवासांत क्लेर्क गॅलोडेटकडून इंग्रजी शिकला व गॅलोडेट क्लेर्ककडून हातांची भाषा शिकला. १८१७ सालीं हार्टफर्ड येथें त्यांची शाळा उघडली. परदेशीं जाऊन सेवा करणारा बहिरा मनुष्य म्हणून क्लेर्कचें नांव अग्रभागीं घातलें पाहिजे. त्या जहाजावर गुरु कोण व शिष्य कोण हें सांगतां येऊं नये, यांतच त्या सेवेचें यश सांठविलेलें होतें.

एका पाद्र्यानें बहिऱ्यांचे हात मोकळे केले, तर दुसऱ्याच्या अध्यक्षतेखालीं ते पुन्हां बांधले गेले. १८८० सालीं मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. अध्यक्ष जूलियो तार्रा हा इटालियन धर्मगुरु होता. शाळांतून हातवारे काढून टाकावे व ओठांच्या हालचाली पाहून बोलावयास शिकवावें, असा ठराव प्रचंड बहुमतानें झाला. जमलेल्या १६४ जणांत बहिरा असा एकच होता! ठराव करणारे दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. बहिऱ्या मुलानें चारचौघांत मिसळावें, पोट भरावें, हीच त्यांची इच्छा होती. परंतु ज्यांचें हित करावयाचें त्यांस विचारावें, एवढें त्यांस सुचलें नाहीं. पुढें कित्येक देशांत बहिऱ्या शिक्षकांच्या जागा गेल्या, आणि मुलांचीं कोवळीं वर्षें एकेक उच्चार घोटण्यांत खर्च झालीं.

आपल्याकडील पहिली शाळा निघाली ती नेमकी या वाऱ्याच्या दिवसांत. मुंबईचे रोमन कॅथॉलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें १८८५ च्या सुमारास मुंबईंत मूकबधिरांची संस्था उभी राहिली. पुढें दक्षिणेंत पाळयंकोट्टै येथें फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनीं बहिऱ्या मुलांसाठीं शाळा चालविली. ज्या काळीं बहिऱ्या मुलास शाळेंत घालावें हेंच आमच्या समाजास ठाऊक नव्हतें, त्या काळीं परक्या मुलखांतून आलेल्या माणसांनीं हें केलें, याचें ऋण मान्य न करणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि येथील बहुतेक शाळांत वर्गामध्यें उच्चाराचाच आग्रह राहिला. हातांची भाषा जगली ती वसतिगृहांत, खेळाच्या मैदानावर व शिक्षकांची पाठ वळल्यावर. मराठी शिकण्यास कष्ट घेणाऱ्या मिशनांसही ही दुसरी देशी भाषा दिसली नाहीं. आणि आम्हांलाही दिसली नाहीं.

सेवा घेणाऱ्याच्या बाजूनें हा प्रश्न कसा दिसतो, हें पाहावयाचें तर पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवावें. १८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या उमेदीनें त्या इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनीं दगा दिल्यामुळें तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील जोगिणींनीं त्यांस आश्रय दिला, त्याच वर्षीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढें चेल्टनम येथें त्या अध्ययन-अध्यापन करूं लागल्या. आश्रय देणाऱ्यांचें प्रेम खोटें नव्हतें. पण रमाबाईंनीं काय मानावें, कोणास शिकवावें, हेंही आपणच ठरवावें असें त्यांच्यांतील कांहींस वाटे, व तेथेंच खटका उडे. सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला म्हणजे उपकाराच्या ओझ्याखालीं मान ताठ ठेवणें किती कठीण असतें हें कळतें. त्याच बाईंनीं, ऐकूं येणें उत्तरोत्तर मंद होत असतां, केडगांवास मुक्तिसदन उभारलें व दुष्काळांत सांपडलेल्या शेकडों मुलींस आसरा दिला. दयेचा विषय म्हणून ज्यांच्याकडे पाहिलें गेलें, त्याच दयेच्या कर्त्या झाल्या.

असाच दुसरा पुरुष अँड्रू फॉस्टर. अमेरिकेंतील हा कृष्णवर्णी मनुष्य वयाच्या अकराव्या वर्षीं आजारानें बहिरा झाला, १९५४ सालीं गॅलोडेट महाविद्यालयाचा पदवीधर झाला, आणि १९५७ सालीं घाना देशांत त्यानें बहिऱ्यांची शाळा काढली. १९८७ सालीं विमानाच्या अपघातांत मृत्यु येईपर्यंत त्यानें आफ्रिकेच्या अनेक देशांत मिळून तीसांवर शाळा स्थापिल्या. बहिरा मनुष्य गुरु होऊं शकतो, हें त्या मुलांनीं प्रथम त्याच्यांत पाहिलें. परंतु येथेंही एक सावधगिरीचा धडा आहे. फॉस्टरनें अमेरिकेची हातभाषा बरोबर नेली. घानांत आडामोरोबे नांवाच्या गांवीं बहिऱ्यांची स्वतःची जुनी हातभाषा आहे. शाळेंतल्या नव्या भाषेपुढें तिला ओहोटी लागली. म्हणजे सेवक बहिरा असला म्हणून तो परका असण्याचें थांबतें असें नाहीं. शिष्य होण्याचें कर्तव्य त्यासही चुकत नाहीं.

सुदैवानें काळ पालटला आहे. मदन वशिष्ठ या हिंदी बहिऱ्या विद्वानानें १९७० नंतरच्या दशकांत सहकाऱ्यांसह येथील हातभाषेचा अभ्यास केला, आणि दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगळूर येथील बहिऱ्यांच्या बोलण्यांत पुष्कळ समान धागा असल्याचें दाखविलें. २०१० सालीं व्हँकूव्हर येथील परिषदेनें मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. तोपर्यंत १३० वर्षें लोटलीं होतीं! भारत सरकारनें २०१५ सालीं दिल्लीस सांकेतिक भाषेचें केंद्र स्थापिलें, व २०१६ च्या कायद्यानें सांकेतिक भाषेस संवादाचें साधन म्हणून स्थान दिलें. ख्रिस्ती जगांतही, अमेरिकेच्या सांकेतिक भाषेंत संपूर्ण बायबल २०२० सालीं प्रथम पुरें झालें. बहिऱ्यांच्या आत्म्याची चिंता वाहणाऱ्यांस त्यांच्या भाषेंत आपला ग्रंथ नेण्यास आबे द लेपेपासून अडीचशेंहून अधिक वर्षें लागलीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तेव्हां परदेशीं बहिऱ्या मुलांत जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांस आमचें सांगणें एवढेंच कीं, सेवेच्या उत्साहास नांवें ठेवण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु दोन आठवड्यांत भिंत रंगवून होते, मन ओळखून होत नाहीं. ज्यांना देण्याची घाई आहे त्यांनीं आधीं विचारण्याची संवय लावावी. ज्या गांवीं जाल तेथील बहिऱ्यांस गुरु करा. आणि परत निघतांना त्यांच्यांतील एखादा शिक्षक होण्याच्या वाटेस लागला कीं नाहीं, यावरूनच आपल्या सेवेची किंमत करा.

हा उपदेश परक्यांपुरताच आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. २०११ च्या खानेसुमारींत आपल्या देशांत श्रवणदोष असलेले पन्नास लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्यांच्याकडे जाण्यास समुद्र ओलांडावा लागत नाहीं. बोदवडच्या स्थानकावर रूळ ओलांडले तरी पुरे. त्या दिवशीं आम्हीं तेही ओलांडले नाहींत. गाडी आली, आम्ही आंत बसलों; आणि खिडकींतून पाहिलें तों ते दोघे मुलगे अजून बोलतच होते.