परम संगणकमाला आणि इंटरप्ट नियंत्रकाच्या वर्णनाचा प्रश्न

संगणकाच्या इतिहासलेखनात प्रोसेसरचा वेग आणि स्मृतीची क्षमता यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे इंटरप्ट नियंत्रकाला मिळत नाही. कळफलक, डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादींकडून येणारे व्यत्ययाचे संकेत क्रम लावून प्रोसेसरपर्यंत पोहोचविणे हे त्याचे कार्य. कोणत्या उपकरणाची तार त्याच्या कोणत्या टोकाशी जोडली आहे, हे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, कोणी सांगावयाचे? हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु पुण्याच्या सी-डॅक संस्थेची परम संगणकमाला क्रमाने पाहिली असता त्याचे महत्त्व ध्यानात येते.

अमेरिकेने महासंगणकाच्या विक्रीवर घातलेल्या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर 1988 मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 सिद्ध झाला. त्यातील ट्रान्सप्युटर हे ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे. या प्रोसेसरची रचना काहीशी न्यारी होती. बाह्य संकेतासाठी त्याला 'इव्हेंट' नावाचे एकच प्रवेशद्वार होते, आणि संदेशाची वाट पाहावी त्याप्रमाणे एखादी प्रक्रिया त्या संकेताची वाट पाहत असे. अनेक टोकांच्या नियंत्रकाचा नकाशा कर्नेलला देण्याची गरज तेथे फारशी उद्भवलीच नाही.

त्याच काळात महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आलेल्या पीसींमध्ये इंटेलचे 8259 नियंत्रक होते. 1981 च्या आयबीएम पीसीत एक, तर 1984 च्या पीसी-एटीत दोन. दुसरा पहिल्याच्या एका टोकाला जोडलेला असल्याने वापरास 15 मार्ग उरत. येथेही वर्णन लिहिले जात नव्हते, पण कारण वेगळे होते. जोडणी रूढीने ठरलेली होती आणि ती प्रत्येक कर्नेलला तोंडपाठ होती. दोन कार्डांना चुकून एकच क्रमांक दिला गेला की जंपर हलवीत बसावे लागे, हे त्या काळच्या अध्यापकांच्या स्मरणात असेल.

1998 च्या परम 10000 मध्ये चित्र पालटले. त्याचे घटक सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क सर्व्हर होते. सनच्या ओपनबूट प्रणालीत यंत्र सुरू होताच आपल्या उपकरणांचा एक वृक्ष तयार करी आणि कर्नेल तो वाचून घेई. याच कल्पनेला 1994 मध्ये आयईईई 1275 या मानकाचे रूप आले. 1996 च्या एका पूरक शिफारशीने इंटरप्टसाठी स्वतंत्र वृक्ष कल्पिला. त्यात प्रत्येक उपकरण आपला 'इंटरप्ट-पालक' सांगते आणि एक संकेत ओळखण्यास किती अंक लागतात हे नियंत्रक सांगतो. तारांचा वृक्ष आणि पत्त्यांचा वृक्ष एकच असतो असे नाही, ही जाणीव या शिफारशीचे खरे योगदान होय.

परम 10000 मधील परमनेट हे जाळे सी-डॅकने स्वतः विकसित केले होते. मात्र ज्या सर्व्हरांना ते जोडले गेले, त्यांच्या अंतर्गत तारांचे वर्णन उत्पादकाच्या फर्मवेअरमध्ये होते. स्वावलंबनाचे मोजमाप करताना ही बाब सहसा सुटते. 2003 च्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर4 प्रोसेसर आले आणि वृक्षाची पद्धत कायम राहिली. 2008 च्या परम युवात इंटेलचे प्रोसेसर आले, तेव्हा वृक्षाची जागा एसीपीआय तक्त्यांनी घेतली. वर्णनाचे स्वरूप बदलले, ते लिहिणारा हात मात्र उत्पादकाचाच राहिला.

लिनक्समध्ये 2005 च्या सुमारास पॉवरपीसीसाठी या वृक्षाचे सपाट, फाइलरूप वर्णन रूढ होऊ लागले. एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नेलमध्ये वेगळी सी फाइल लिहिण्याच्या प्रथेवर लिनस टोरवाल्ड्स यांनी 2011 मध्ये कठोर टीका केली आणि तेथेही वृक्ष आला. मात्र तो अचूक लिहिणे सोपे नाही. एआरएमच्या जीआयसी नियंत्रकासाठी बहुधा तीन अंक द्यावे लागतात: प्रकार, क्रमांक आणि संकेताची तऱ्हा. सामायिक संकेतांचा क्रमांक 32 वजा करून लिहावयाचा असतो. ही वजाबाकी विसरल्यास उपकरण शाबूत असूनही कर्नेलला त्याची हाक ऐकू येत नाही.

सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने रिस्क-फाइव्ह रचनेवर वेगा प्रोसेसर विकसित केले आहेत. रिस्क-फाइव्हच्या पीएलआयसी नियंत्रकाला वृक्षात एकच अंक पुरतो. तो कोणता, हे ठरविण्याचे आणि लिहिण्याचे काम येथे प्रोसेसर घडविणाऱ्यांकडेच आले आहे.