मावशींचा मालक कोण?

सरकारी दवाखान्यात वॉर्ड पुसणाऱ्या बाईला सगळे ‘मावशी’ म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातल्या अशाच एका दवाखान्यात माझी आजी ॲडमिट होती, तेव्हा रात्रपाळीच्या मावशींशी ओळख झाली. त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. साहेब म्हणत, एजन्सीला विचारा. एजन्सीचा सुपरवायझर म्हणे, वरून बिल निघालं नाही.

“ऊसतोडीसारखंच हाय हे,” मावशी म्हणाल्या. “कारखाना मुकादमाकडं बोट दावतो अन् मुकादम कारखान्याकडं.”

कळंब-भूम-वाशीकडून दरसाल ऊसतोडीला टोळ्या जातात. त्यामुळे आउटसोर्सिंग म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही.

मालक कोण, हा प्रश्न जुना आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सरकारला बारमाही कामातलं कंत्राट बंद करण्याचा अधिकार दिला. बंदी आली की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, असं सर्वोच्च न्यायालय १९९६ मध्ये म्हणालं. ३० ऑगस्ट २००१ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. आता कंत्राट नावापुरतं आहे, हे कामगारानेच सिद्ध करायचं. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने ते करून दाखवलं. २,७०० सफाई कामगार महापालिकेचेच, यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं, पण त्यासाठी २०१७ उजाडलं.

म्हणून कंत्राट येण्याआधीच अडवणं महत्त्वाचं. मे २०२२ मध्ये परिचारिकांची भरती बाह्यस्रोतातून करायचं ठरत होतं. महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने त्याविरुद्ध २८ मेपासून बेमुदत संप केला. संपावर गेलेल्या सिस्टर कायम नोकरीतल्या होत्या. ही भरती त्यांची नव्हतीच. त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींची होती.

पुढच्याच वर्षी, ६ सप्टेंबर २०२३ ला, नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. कर्मचारी संघटनांबरोबर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरंही चिडली. २० ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याचं जाहीर झालं.

एजन्सी परकी असली तरच त्रास होतो, असंही नाही. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयं स्वतःच्याच उपकंपन्या काढून सफाई, हमाली अशी कामं करणाऱ्यांना तिकडे ढकलू लागली. २०१८ मध्ये विगनच्या कामगारांनी ‘युनिसन’ या संघटनेच्या झेंड्याखाली संप केला आणि ती योजना गुंडाळायला लावली. घरचीच कंपनी असली, तरी नवीन माणसाला जुन्या पगाराची आणि पेन्शनची हमी राहत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आमच्या मावशींचं काम मात्र २०२३ च्या निर्णयाआधीच कंत्राटात गेलं होतं. तो रद्द झाला म्हणून त्यांच्या गळ्यातलं एजन्सीचं कार्ड उतरलं नाही.

मी विचारलं, “काम कोण सांगतं?”

“सिस्टर.”

“हजेरी?”

“हितंच, हापिसात.”

कोर्टात असल्याच गोष्टी विचारतात. म्हणून म्हटलं, “मावशी, ड्युटीचे कागद जपून ठेवा.”

त्या हसल्या. “ठिवलेत की. कारखान्याच्या वजनाच्या पावत्या ठिवायचो, तसेच पिशवीत हायेत.”