द्राक्षांवरील कीडनाशक अवशेष : घरगुती उपाय

द्राक्षबागेत फवारलेल्या औषधांचा काढणीनंतरही मण्यांवर किंवा मण्यांच्या आत उरणारा अंश म्हणजे अवशेष. तो किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. भारतात त्याची कमाल मर्यादा (एमआरएल) भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण ठरवते.

कारणे : केवडा, भुरी, फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण यांच्यामुळे नाशिक-सांगलीच्या बागांत हंगामभर फवारण्या घ्याव्या लागतात. द्राक्ष सालीसकट खाल्ले जाते, शिवाय दाट घडाच्या आतपर्यंत पाणी सहज पोहोचत नाही. म्हणून या फळाची स्वच्छता विशेष काळजीने करावी लागते.

प्रकार : मॅन्कोझेब, बोर्डो मिश्रण यांसारखी स्पर्शजन्य औषधे मुख्यतः सालीवर राहतात. इमिडाक्लोप्रिड, मेटॅलॅक्झिल यांसारखी आंतरप्रवाही औषधे वनस्पतीच्या आत शिरतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली, ती अशाच आत मुरणाऱ्या रसायनामुळे.

धुण्याची पद्धत : घडाचे लहान झुबके करावेत. ते वाहत्या पाण्याखाली धरून बोटांनी हलके चोळावेत, मग निथळून स्वच्छ फडक्याने टिपावेत. अवशेष सुटतात ते मुख्यतः या चोळण्याने, त्यामुळे नुसते भिजत ठेवणे पुरेसे नाही. ओलाव्याने मणी लवकर कुजतात, म्हणून खाण्यापूर्वीच धुवावे. मण्यांवरची एकसारखी पांढुरकी झाक हे द्राक्षाचे नैसर्गिक मेण असते. ते औषध समजून खरवडण्याची गरज नाही.

खाण्याचा सोडा : मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात लिटरमागे 10 ग्रॅम सोड्याच्या पाण्याने 12 मिनिटांत थायाबेंडाझोलचे 80 टक्के, तर 15 मिनिटांत फॉस्मेटचे 96 टक्के पृष्ठावशेष निघाले. मात्र थायाबेंडाझोलचा सुमारे 20 टक्के अंश सालीत मुरलेला होता. तो धुण्याने निघाला नाही. प्रत्येक औषधावर सोड्याचा परिणाम सारखा होत नाही. सोड्याच्या पाण्यानंतर फळ साध्या पाण्याने धुवावे. साबण किंवा भांडी घासण्याची पावडर मात्र वापरू नये, कारण ती सालीतून आत शिरू शकते.

शिजवणे व वाळवणे : उष्णतेने काही औषधांचे विघटन होते, पण मॅन्कोझेबपासून इथिलीन थायोयुरिया हा अधिक चिंताजनक पदार्थ तयार होतो. म्हणून जॅम करण्यापूर्वीही फळ धुवावेच. बेदाणा करताना पाणी उडून जाते आणि टिकून राहिलेले अवशेष वजनाच्या मानाने दाट होतात.

मर्यादा : पाण्याने सालीवरचे बरेचसे निघते, आत मुरलेले नाही. त्याचा बंदोबस्त बागेतच होतो : शिफारशीइतकीच मात्रा देणे आणि शेवटची फवारणी व काढणी यांत ठरलेले अंतर (पीएचआय) पाळणे. निर्यातीच्या द्राक्षांची अवशेष तपासणी ‘ग्रेपनेट’ या व्यवस्थेतून होते. तेवढीच काटेकोर तपासणी देशी बाजारातल्या द्राक्षांना मिळणे हा इथल्या ग्राहकाचाही हक्क आहे. अवशेषांच्या धास्तीने फळे सोडू नयेत; ती नीट धुऊन खावीत आणि बागेतल्या शिस्तीचा आग्रह धरावा.