तृतीय वय विद्यापीठ

निवृत्त व्यक्तींनी एकमेकांना शिकवण्यासाठी चालवलेली स्वयंसेवी अभ्यासमंडळे. बालपण व शिक्षण हे पहिले वय, कमाई व संसार हे दुसरे आणि त्या जबाबदाऱ्यांतून मोकळे झाल्यावरचे ते तिसरे, या कल्पनेवरून हे नाव रूढ झाले.

असे पहिले विद्यापीठ १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे प्येर व्हेलास यांनी सुरू केले. तेथे स्थानिक विद्यापीठाचे प्राध्यापकच शिकवत. १९८० च्या दशकारंभी ब्रिटनमध्ये पीटर लॅस्लेट, मायकेल यंग व एरिक मिडविंटर यांनी ही कल्पना उचलली. मात्र प्राध्यापकांवरचे अवलंबन काढून टाकले. हा बदल मूळ कल्पनेइतकाच मोलाचा ठरला. ब्रिटिश पद्धतीत परीक्षा, पदवी वा प्रवेशाची अट नसते. माफक वर्गणी असते. शिकवणाऱ्यास मानधन नाही. आठ-दहा जण कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात, चहाचे कप बाजूला सारून टेबलावर नकाशे पसरतात; निवृत्त अभियंता भूविज्ञान समजावतो आणि दुसऱ्या गटात तोच नवशिका म्हणून लॅटिनचे धडे गिरवतो. आयुष्यभराच्या अनुभवाला असा श्रोता मिळणे, हे या मंडळांचे खरे बळ होय.

सगळा भार स्वयंसेवकांवर असल्याने संयोजक आजारी पडला की चालता गट बंद पडू शकतो. ब्रिटनबाहेर, ऑस्ट्रेलियात, ही ब्रिटिश पद्धत १९८४ मध्ये मेलबर्न येथे सुरू झाली. ब्रिटनमधील मंडळांची मध्यवर्ती संस्था ‘थर्ड एज ट्रस्ट’ ही आहे.